सेवेचे हात आणि रबरी हातमोजे



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेतीचे अर्थकारण अशा भारदस्त विषयांवरील व्याख्याने ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या मानाने आजचा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. दवाखान्यात काम करणाऱ्या माणसांच्या हातांना रबरी हातमोज्यांमुळे जे विकार जडतात, त्यांविषयी मी बोलणार आहे. हाताला खाज सुटणे, कातडी सोलवटणे, बोटांच्या पेरांवर भेगा पडणे, यांत व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. सेनगावसारख्या तालुक्याच्या गावी रात्री-अपरात्री बाळंतपण करणारी सिस्टर, जखम शिवणारा डॉक्टर, रक्त तपासणारा तंत्रज्ञ, वॉर्ड धुऊन काढणाऱ्या मावशी आणि मामा, अशा मोजक्या माणसांच्या हातांवर साऱ्या पंचक्रोशीचे आरोग्य अवलंबून असते. त्यांतील एकीचे हात निकामी झाले तर तिच्या जागी दुसरी चटकन मिळत नाही. शिवाय ही माणसे परकी नव्हेत. आपल्याच घरच्या लेकी-सुना आणि भाऊबंद आहेत.

हातमोजा शस्त्रक्रियेच्या खोलीत कसा आला, ही हकीकत प्रथम ऐकण्यासारखी आहे. रोग्याला जंतूंपासून वाचविण्यासाठी हातमोजे निघाले, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ते निघाले एका परिचारिकेचे हात वाचविण्यासाठी. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम हॉल्स्टेड हे शल्यवैद्य होते आणि त्यांच्या शस्त्रक्रियागृहाची व्यवस्था कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेकडे होती. त्या काळी हात जंतुरहित करण्यासाठी ते पाऱ्याच्या एका तीव्र क्षाराच्या द्रावणात बुडवीत. या द्रावणाने कॅरोलाइनबाईंच्या हातांची कातडी इतकी बिघडली की त्यांना काम करणे अशक्य होऊ लागले. अशी कुशल परिचारिका गमावणे हॉल्स्टेडना परवडणारे नव्हते. १८८९-९० च्या हिवाळ्यात त्यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबराचे हातमोज्यांचे दोन जोड मुद्दाम करवून घेतले. बाईंचे हात बरे झाले. पुढे १८९० साली त्या दोघांचा विवाहही झाला. मदतनिसांना हे मोजे सोयीचे वाटले, मग शल्यवैद्यांनीही ते चढविले. आणि त्यामुळे जखमा चिघळण्याचे प्रमाण घटते, हे सर्वांच्या लक्षात यावयास आणखी काही वर्षे गेली.

म्हणजे ज्या वस्तूचा जन्म हाताची कातडी राखण्यासाठी झाला, तीच वस्तू आज काही हातांना सोसवत नाही. असे का व्हावे, हे कळण्यासाठी हातमोजा कशाचा बनतो ते पाहिले पाहिजे.

रुईचे पान तोडले, वडाची डहाळी मोडली किंवा कच्च्या पपईवर ओरखडा काढला की पांढरा चीक गळतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. रबराच्या झाडालाही असाच चीक असतो. त्यालाच लॅटेक्स म्हणतात. हे झाड मूळचे ब्राझीलच्या अरण्यातले. हेन्री विकहॅम या इंग्रजाने १८७६ साली त्याचे बी लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेले आणि तेथून त्याची रोपे सिलोन व मलायात गेली. आज आपल्या देशात त्याच्या सर्वाधिक बागा केरळात आहेत. कोकण-गोव्याकडेही काही लागवड आहे. दुधात लोण्याचे कण तरंगावेत तसे या चिकात रबराचे सूक्ष्म कण तरंगत असतात, आणि दुधाप्रमाणेच त्यात प्रथिनेही असतात.

नुसते रबर उन्हाळ्यात चिकटते आणि थंडीत कडक होते. गंधक घालून ते तापविले असता लवचीक व टिकाऊ होते, हा शोध चार्ल्स गुडइयर याने १८३९ च्या सुमारास लावला. ही क्रिया लवकर व्हावी म्हणून कारखान्यात थायुरॅम, कार्बामेट यांसारखी रसायने मिसळतात. त्यांना आपण ‘त्वरक’ म्हणू. तयार मिश्रणात चिनी मातीचे हाताच्या आकाराचे साचे बुडवितात, ते तापवितात, गरम पाण्यात धुतात आणि मोजा साच्यावरून उलटा ओढून काढतात. हे धुणे नीट झाले नाही, तर मोज्यात दोन गोष्टी उरतात : चिकातील प्रथिने आणि कारखान्यातील त्वरक. पुढचे बरेचसे विवेचन या दोन अवशेषांभोवतीच फिरणार आहे.

हातमोज्यांमुळे होणारे विकार तीन प्रकारचे आहेत. वरवर पाहता तिन्हींत हात लाल होतात आणि खाजतात. पण त्यांची कारणे निराळी, गांभीर्य निराळे आणि उपायही निराळे. तिघांना एकाच दावणीला बांधल्यामुळे फार घोटाळे होतात.

पहिला प्रकार सर्वांत जास्त आढळणारा, आणि त्यात ॲलर्जीचा संबंध मुळीच नाही. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर भिंतीसारखा असतो. मृत पेशी या त्याच्या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्य हा चुना. दिवसातून तीस-चाळीस वेळा साबणाने हात धुतले की हा चुना वाहून जातो. त्यावर ओल्या हाताने मोजा चढविला, आत घाम साचला, मोज्याची पावडर घासली गेली, की भिंत ढासळू लागते. कातडी कोरडी व खरखरीत होते, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली लाली येते, पेरांवर चिरा पडतात. मराठवाड्याच्या वैशाखात पारा बेचाळीस अंशांवर गेलेला, वीज गेलेली आणि हातात तासन् तास रबराचा मोजा, ही अवस्था डोळ्यांपुढे आणा म्हणजे या विकाराचे नवल वाटणार नाही. २०२० साली करोनाच्या पहिल्या लाटेत चीनमधील हूबे प्रांतातील ५४२ आरोग्यसेवकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील ५२६ जणांच्या कातडीला हातमोजे, मुखपट्टी, चष्मा आणि वारंवार हात धुणे यांमुळे काही ना काही इजा झाल्याचे आढळले. नाकाप्रमाणेच हातांनाही त्याचा उपद्रव झाला होता.

दुसरा प्रकार मात्र खऱ्या ॲलर्जीचा आहे. ॲलर्जी हा शब्द फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या वैद्याने १९०६ साली रूढ केला. आपल्या भाषेत त्यासाठी ‘वावडे’ हा नेमका शब्द पूर्वीपासून आहे. एकाला वांगे मानवते, दुसऱ्याला त्याचे वावडे असते. शरीर एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून बसते आणि तो भेटला की लढाई सुरू करते. या दुसऱ्या प्रकारात शत्रू ठरतात ते बहुधा त्वरक. त्याची मोठी खूण अशी की त्रास लगेच होत नाही. मोजा घातल्यावर एक-दोन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, हाताच्या पाठीवर आणि मनगटापर्यंत बारीक फोड येतात, लस वाहते आणि पुढे कातडी जाड होऊन इसब बनते. पुष्कळदा मोज्याची कड जेथे संपते तेथेच पुरळही रेघ ओढल्याप्रमाणे संपते.

या उशिराच्या वावड्याची ओळख आपल्या मुलखाला नवी नाही. बिब्बा उतणे म्हणजे काय, हे येथे कोणाला सांगावयास नको. एकाच्या अंगावर बिब्बा उततो, दुसऱ्याला काही होत नाही, आणि ज्याच्यावर एकदा उतला त्याला पुढे थोड्याशा स्पर्शानेही त्रास होतो. गाजरगवताचेही तसेच. १९५५ च्या सुमारास पुण्याला हे परदेशी तण प्रथम नजरेस आले आणि नंतर सर्व देशभर पसरले. पुण्याच्या परिसरातील शेतकरी व मजूर यांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर त्याने जे इसब उठविले, त्याचा अभ्यास तेथील त्वचारोगतज्ज्ञांनी साठ-सत्तरच्या दशकांत केला आणि तो जगभर मान्यता पावला. वर्षानुवर्षे ते गवत उपटणाऱ्या माणसाला एके दिवशी अचानक त्याचे वावडे जडते. मोज्यांचेही असेच घडते. ‘दहा वर्षे हेच मोजे वापरते आहे, आजच कसा त्रास होईल?’ असे परिचारिका म्हणते. परंतु वावडे हे बहुधा जुन्या ओळखीतूनच निर्माण होते.

तिसरा प्रकार क्वचित आढळणारा, पण जिवावर बेतणारा. यात शत्रू ठरतात ती चिकातील प्रथिने, आणि लढाई काही मिनिटांत पेटते. मोजा घालताच हाताला खाज सुटते, पित्ताच्या गांधी उठतात, शिंका येतात, डोळे चुरचुरतात. काहींना दम लागतो. कधी घसा सुजतो, रक्तदाब एकाएकी उतरतो, आणि ताबडतोब ॲड्रेनलिनचे इंजेक्शन मिळाले नाही तर मृत्यूही ओढवतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात लॅटेक्सच्या वावड्याचे प्रमाण आरोग्यसेवकांत सरासरी ९.७ टक्के आणि सर्वसाधारण लोकांत ४.३ टक्के आढळले. सेवा करणाराला हा धोका दुपटीहून अधिक आहे, असा त्याचा अर्थ.

या तिसऱ्या प्रकाराचा इतिहास फार जुना नाही. १९८० नंतर एड्सचा रोग जगापुढे आला. प्रत्येक रोग्याचे रक्त संशयास्पद समजून काम करावे, अशी शिफारस अमेरिकेत १९८७ साली झाली आणि हातमोज्यांची मागणी एकदम कैक पटींनी वाढली. ती पुरविण्याच्या घाईत काही कारखान्यांनी धुण्याची क्रिया आटोपशीर केली आणि मोज्यांत अधिक प्रथिने राहिली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. १९९१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. कारण मोठ्या आतड्याच्या क्ष-किरण तपासणीतील नळीला लावलेल्या लॅटेक्सच्या फुग्याने काही रोगी दगावले होते.

यात पावडरीने भर घातली. मोजा सहज चढावा म्हणून त्यात मक्याच्या स्टार्चची पावडर टाकतात. चिकातील प्रथिने या पावडरीला चिकटतात आणि मोजा झटक्याने काढला की पावडरीसह हवेत उडतात. ज्याला वावडे आहे त्याने मोजा घातला नाही तरी शेजारच्याच्या मोज्याने त्याला दम लागतो. म्हणून कमी प्रथिनांचे, बिनपावडरीचे मोजे वापरण्याकडे जर्मनीसारखे देश नव्वदच्या दशकातच वळले, आणि तेथे नव्या रोग्यांची संख्या झपाट्याने घटली. अमेरिकेने पावडरीच्या वैद्यकीय मोज्यांवर जानेवारी २०१७ पासून बंदीच घातली. आणि ज्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रबरी मोज्याचा जन्म झाला, त्या रुग्णालयाने २००८ साली लॅटेक्सचे मोजे वापरणे बंद केले! आपल्याकडे पावडरीचे मोजे अजून सर्रास मिळतात, आणि स्वस्त म्हणून घेतलेही जातात.

आता आपल्या दवाखान्यांत प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. परिचारिकेच्या हातावर पुरळ आले की प्रथम तिला ते गजकर्ण वाटते. औषधाच्या दुकानातून मैत्रिणीच्या सल्ल्याने एक ट्यूब येते. तिच्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, मग त्रास दुणावतो, आणि पुष्कळ दिवस ती चोळत राहिल्यास कातडी पातळ पडते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली त्यांना ‘एच’ परिशिष्टात घातले. पण कायदा आणि दुकान यांत अंतर असते, हे आपण जाणता. दुसरा मार्ग याहून घातक आहे. मोजे सोसत नाहीत म्हणून बाई उघड्या हातांनी काम करू लागते. सुई टोचली किंवा भेगांत रक्त शिरले तर काविळीच्या ‘बी’ प्रकाराचा अथवा एड्सचा विषाणू तिच्या अंगात जाऊ शकतो. उलट चिरलेल्या कातडीत पू करणारे जंतू घर करतात आणि तिच्या हातून ते बाळंतिणीला व नवजात अर्भकाला लागू शकतात. तिसरा मार्ग म्हणजे मुकाट्याने सोसणे. कंत्राटी नोकरी असेल तर ‘हात खराब’ हे सांगितले की काम जाईल, अशी धास्ती वाटते. हे तिन्ही मार्ग चुकीचे आहेत, आणि ते टाळणे फारसे अवघडही नाही.

पहिल्या प्रकारावर उपाय अगदी घरगुती आहेत. हात कोमट पाण्याने धुवावे. कढत पाणी कातडीतील स्निग्धता अधिक काढते. हात पूर्ण कोरडे करून मगच मोजा चढवावा. हातांवर घाण वा रक्त दिसत नसेल तर साबणाऐवजी अल्कोहोलचे द्रावण चोळावे. साबणापेक्षा ते कातडीला कमी त्रास देते. भेगांवर ते झोंबते म्हणून त्याचे वावडे आहे असे समजू नये. अंगठ्या कामापूर्वी काढून ठेवाव्या. झाडलोट व धुलाईचे जाड मोजे वापरणाऱ्या मावशी-मामांनी आत पातळ सुती मोजे घालावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. रात्री निजताना व्हॅसलिन किंवा साधे खोबरेल तेल हातांना चोळावे. मात्र लॅटेक्सचा मोजा घालण्यापूर्वी तेल लावू नये. तेलाने रबर कमकुवत होते आणि मोजा फाटतो. ताप पाहणे, केसपेपर लिहिणे, गाडा ढकलणे अशा कामांना सामान्यतः मोजे लागत नाहीत. दिवसभर मोजे घालून हिंडण्याने स्वच्छता वाढत नाही, हातांचे नुकसान मात्र होते.

दुसऱ्या प्रकारात नेमका शत्रू शोधावा लागतो. त्यासाठी पाठीवर निरनिराळ्या रसायनांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून ठेवतात आणि कातडी कोठे लाल होते ते पुढील दिवसांत पाहतात. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत याची चौकशी करावी. येथे एक फसगत टाळावी. ‘लॅटेक्सऐवजी नायट्राइलचे निळे मोजे घाला म्हणजे झाले’ असे सर्रास सांगितले जाते. नायट्राइलमध्ये झाडाच्या चिकातील प्रथिने नसतात हे खरे, पण त्वरक त्यातही असू शकतात. ज्याला त्वरकाचे वावडे आहे त्याला विनात्वरकाचे मोजेच हवेत. तेही मिळतात.

तिसऱ्या प्रकारात लॅटेक्सशी संबंध कायमचा तोडावा लागतो. अशा माणसाने नायट्राइल किंवा निओप्रीनचे मोजे वापरावेत आणि त्याच्या खोलीतील इतर सर्वांनी निदान बिनपावडरीचे वापरावेत. त्याची नोंद त्याच्या कागदपत्रांत ठळक असावी.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेक जण दवाखान्यात नोकरी करीत नाहीत; तरी यातील काही गोष्टी आपल्याही उपयोगाच्या आहेत. रबरी फुगा फुगविताना ओठ सुजले, दाताच्या डॉक्टरने मोजा घातलेला हात तोंडात घालताच खाज सुटली, असे कधी घडले असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी किंवा बाळंतपणापूर्वी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लॅटेक्सचे वावडे असणाऱ्यांपैकी सुमारे तीस ते पन्नास टक्के लोकांना काही फळांचाही त्रास होतो, कारण त्यांतील काही प्रथिने रबराच्या चिकातील प्रथिनांसारखी असतात. केळे, पपई, किवी ही त्यांतील प्रमुख. म्हणून अर्धापूरची केळी कोणी टाकून देऊ नयेत! ज्यांना केळे खाताना तोंडाला खाज सुटते त्यांनी तेवढे डॉक्टरांच्या कानावर घालावे, इतकाच याचा अर्थ. जन्मतः पाठीच्या कण्यात दोष असलेल्या आणि म्हणून वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्या मुलांत हे वावडे विशेष आढळते. त्यांच्या आईबापांनी अधिक सावध राहावे.

आणखी एक काम नागरिकांना करता येईल. रुग्णालयांच्या कल्याण समित्यांवर आणि पंचायतींत आपले प्रतिनिधी असतात. मोज्यांची खरेदी होते तेव्हा पावडरीचे की बिनपावडरीचे, नायट्राइलच्या दोन-चार पेट्या ठेवल्या आहेत की नाहीत, मावशी-मामांना सुती आतले मोजे मिळतात की नाही, एवढे तीन प्रश्न त्यांनी विचारावे. हा खर्च फार मोठा नाही. एका अनुभवी सिस्टरचे हात कामातून गेले तर जे नुकसान होते, त्याच्याशी त्याची तुलनाही होणार नाही. आणि हाताच्या तक्रारीवरून कोणाची नोकरी जाणार नाही, अशी खात्री वरिष्ठांनी दिली तर तक्रारी वेळेवर पुढे येतील आणि तेवढ्यानेच निम्मे काम होईल.

बाल्टिमोरच्या त्या शल्यवैद्याने परिचारिकेला ‘सोसा’ असे म्हटले नाही आणि ‘काम सोडा’ असेही म्हटले नाही. तिच्या हातांची तक्रार त्याने खरी मानली, कारण शोधले आणि उपाय केला. आज ज्ञान पुष्कळ वाढले आहे, उपायही हाताशी आहेत. तक्रार खरी मानण्याचा तो पहिला धडा तेवढा आपण गिरविला पाहिजे.